काझिमीरने भरलेलं पिंप

आमच्या गावात माणसं खोटं बोलतात. ही तक्रार नाही. जिथे जिथे माणसं शेजारीशेजारी राहतात तिथे बोलतातच. शिकारीला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला की ते रानडुक्कर म्हणे गाभण होतं, म्हणून त्याने सोडून दिलं. रविवारी चर्चमध्ये न दिसलेल्या माणसाची गाय नेमकी रविवारीच विते. पाद्रीबाबा हे सगळं ऐकून "बरं, बरं" म्हणतात, म्हणजे तेही आलेच त्यात. पण ग्लासात जे ओतलंय त्याबद्दल आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही. सासऱ्याची वाइन आंबट असली तर जावई सासऱ्याच्या तोंडावर आंबट म्हणतो. त्या दिवशीचं जेवण जरा शांततेत होतं, एवढंच.

हा नियम सगळ्यांत कडक पाळायचा तो काझिमीर पेर्ने. तळघरात उभा राहून तो आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि ते एक खोटं मरेपर्यंत त्याला पुरलं.

काझिमीर दिसायला हिवाळ्यातल्या द्राक्षवेलीसारखा. काटकुळा, वाकडा, आणि वाळलाय की जिवंत आहे ते वसंत येईपर्यंत कळू नये असा. डोक्यावरची टोपी त्याने शेवटची कधी काढली होती यावर गावात मतभेद होते. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की कधी सांगायचा, "एकीला विचारलं होतं, ती नाही म्हणाली." कधी सांगायचा, "एकीला विचारलं होतं, ती हो म्हणाली, मग मी कसला थांबतोय तिथे."

चर्चच्या मागच्या उतारावर त्याचा एवढासा द्राक्षमळा होता. द्राक्षं तो सहकारी संस्थेला घालायचा. स्वतःचं तळघर नव्हतं. पण गावातलं एकही तळघर त्याच्यावाचून चालायचं नाही, कारण त्याच्यासारखं नाक इकडच्या साऱ्या ज्युरा डोंगरांच्या उतारांवर कुणाला नव्हतं. थंडी पडली की दारादारातून हाका सुरू व्हायच्या. "काझिमीर, जरा डोकावून जा रे. कोपऱ्यातल्या पिंपाचं लक्षण मला ठीक दिसत नाही." हा जायचा, तोटीतून घोटभर काढायचा, हुंगायचा, चूळ भरल्यासारखी तोंडात फिरवायचा, थुंकायचा, आणि निकाल द्यायचा.

चीज बनवणाऱ्या जेर्व्हेला एकदा त्याने विचारलं, "हे पिंप धुतलं होतंस का?"

"धुतलं होतं की."

"कशाने? मोज्याने?"

असं ऐकून घेऊनही लोक त्याला बोलवायचे, वर चीजचा तुकडा आणि मूठभर अक्रोड खिशात कोंबायचे. त्याचा हिवाळा असा दुसऱ्यांच्या तळघरांत जायचा, आणि सुखात जायचा.

आता थोडं पिवळ्या वाइनबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं दुःख कळायचं नाही. ती बनवताना माणसाने काहीही करायचं नसतं, आणि माणसाला याहून अवघड काम दुसरं नाही. इतर पांढऱ्या वाइनची पिंपं सारखी बघावी लागतात. वाइन लाकडातून उडून कमी होते, म्हणून लांब चोचीच्या झारीने भर घालून पिंप काठोकाठ ठेवायचं. पिवळीचं उलटं. ती पिंपात घालायची, बूच मारायचं, आणि सहा वर्षांच्या वर तिला तशीच आटू द्यायची. वर पोकळी होते, आणि त्या पोकळीत वाइनवर दुधावरच्या सायीसारखा एक पातळ करडा थर धरतो. त्याला आम्ही पडदा म्हणतो. त्या पडद्याआड ती काय करते ते तिलाच ठाऊक. बाहेर येते तेव्हा सोन्यासारखी पिवळी असते, तिला अक्रोडाचा, जुन्या सफरचंदांचा, भाजलेल्या मेथीदाण्यांचा वास असतो, आणि मग ती तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त जगते. पण मध्येच कुणी दया येऊन पिंप भरलं, की पडदा बुडतो आणि खेळ खलास. आमच्याकडे पोराला आगीत हात घालू नकोस हे नंतर शिकवतात. पिवळीचं पिंप भरू नकोस, हे आधी.

आटलेली वाइन जाते कुठे? देवदूत पितात, असं पाद्रीबाबा सांगायचे. काझिमीर म्हणायचा, "इतकी पीत असतील तर जगाचा कारभार असा का चाललाय ते कळलं."

काझिमीरचा जिवलग मित्र आंसेल्म बूव्रे. बूव्रे घराण्याचा मळा गावात जुना. आजा, पणजा सगळे त्याच तळघरात डोकी आपटून वाढले. तळघराच्या दाराशी उन्हात एक दगडी बाक आहे. दुपारची जेवणं झाली की त्या बाकावर हे दोघे बसायचे, मधे चीज आणि सुरी. चीज कोण कापणार यावर रोज भांडण. "तू कापलंस की माझ्या वाट्याला साल येते." "तुझ्या तोंडाला सालच शोभते." हे संभाषण मी लहानपणापासून ऐकत आलो, शब्द कधी बदलले नाहीत आणि दोघांना त्याचा कंटाळाही आला नाही.

आंसेल्मची बायको ओर्तांस. एका वर्षी ऐन तोडणीत आंसेल्मचा पाय मोडला. तो खाटेवरून हुकूम सोडत राहिला आणि ओर्तांस एकही न ऐकता सगळं करत राहिली. द्राक्षं तोडून घेतली, रस काढला, आणि सगळ्यांत चांगल्या रसाचं एक पिंप पिवळीसाठी लावलं. जॅमच्या बरण्यांवर ती खूण म्हणून कोंबडी काढायची, कारण तिला दुसरं काही काढता येत नव्हतं. तशीच एक खडूची कोंबडी तिने त्या पिंपावर काढली. आंसेल्म कुबड्या घेऊन खाली उतरला आणि म्हणाला, "ही कोंबडी आहे की बटाटा?" ती म्हणाली, "सहा वर्षांनी सांगीन."

त्याच हिवाळ्यात तिला दुखणं लागलं. काही मोठं नाट्य नाही. रोज थोडी थोडी कमी होत गेली. गाल गेले, मनगटं गेली, आवाज गेला. आंसेल्म उशाशी बसून बघत राहिला. वेलींना कोंब फुटायच्या आत ती गेली.

मग त्या पिंपाखेरीज आंसेल्मला दुसरं काही उरलं नाही. मुलगी होती, माथिल्द, सोन्यासारखी; मळा तीच बघायची. पण दर रविवारी प्रार्थनेहून आला की हा आधी खाली जायचा, कोंबडीच्या शेजारी बोटाच्या पेराने टकटक करायचा. आवाज पोकळ कुठपर्यंत, भरीव कुठून, ते ऐकायचा. वर येऊन काझिमीरला सांगायचा, "चाललीये हळूहळू खाली."

"चालू दे. तिला घाई नाही, तुला कशाला?"

"मला तिच्या हातची एकदा प्यायचीये. मग बोलावणं आलं तरी चालेल."

"तुला कोण बोलावतंय? वरची सगळी वाइन बिघडेल."

वर्षं गेली तसा आंसेल्म विसरायला लागला. सुरुवातीला टोपी, चष्मा, असलं. मग मेलेल्या कुत्र्याला हाका मारायला लागला. माथिल्दला आपल्या बहिणीच्या नावाने बोलवायला लागला. काझिमीर बाकावर त्याला एकच गोष्ट पाच वेळा ऐकून घ्यायचा आणि पाचव्यांदा पहिल्याइतकाच चकित व्हायचा. नाक मात्र आंसेल्मचं शाबूत होतं. त्याचे डोळे बांधून ग्लास दिला तरी कुणाच्या मळ्यातली, ते सांगायचा. सांगितल्यावर ग्लास कुणी दिला ते विसरायचा.

पिंप उघडायला एक हिवाळा उरला असताना माथिल्द एका सकाळी खाली गेली, तर कोंबडीच्या पिंपापाशी लांब चोचीची झारी पडलेली. ओली. बूच बाजूला. पिंप काठोकाठ भरलेलं, साध्या पांढऱ्या वाइनने. आणि शेजारी खुर्चीवर आंसेल्म, एखादं चांगलं काम केल्यावर माणूस बसतो तसा.

"पपा, हे काय केलंत?"

तो म्हणाला, "कमी होत चालली होती गं. रोज थोडी थोडी. मला बघवेना."

माथिल्दने त्याला वर नेलं, दूध दिलं, झोपवलं. मग अंगणातून धावत काझिमीरकडे गेली. तो टोपी घालून भांडी घासत होता. त्याने ऐकलं, हात पुसले, येऊन बघितलं. जेवढी भर पडली होती तेवढी दोघांनी हळूहळू काढली. पडदा पुन्हा धरतो का, कुणी सांगावं. कधी कधी धरतो.

"काका, धरेल का हो?" ती सारखी विचारायची. लहानपणापासून ती त्याला काकाच म्हणायची.

"धरेल."

माणसांना धीर देताना खोटं बोलायला त्याची हरकत नव्हती. ग्लासाचा नियम वेगळा.

दुपारी आंसेल्मला यातलं काही आठवत नव्हतं. रविवारी गेला, टकटक केली, वर येऊन म्हणाला, "चाललीये हळूहळू खाली." काझिमीर म्हणाला, "चालू दे," आणि चीज कापलं. त्या दिवशी जाड तुकडा आंसेल्मला दिला, भांडण न करता. आंसेल्म संशयाने म्हणाला, "आजारी आहेस का?"

आमच्याकडे पिवळीचं पिंप उघडतात ते संत व्हँसाँच्या सणानंतर, जानेवारी सरताना. मालक चारचौघांना बोलावतो, तोटीतून पहिला ग्लास स्वतः काढतो, मग फिरवतो, आणि सगळ्यांचं चाखून होईपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. बूव्रेंच्या तळघरात त्या दिवशी आम्ही सहासात जण होतो. आंसेल्मने लग्नातला कोट घातला होता. तो आता त्याच्याभोवती दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता. सकाळपासून त्याला सगळं आठवत होतं, माथिल्दला तिच्या नावाने हाक मारत होता. आणि माथिल्दचा चेहरा भिंतीसारखा पांढरा.

त्याने तोटी सोडली. रंग बरा होता. ग्लास नाकाशी नेला आणि तो तसाच थांबला. मग एक घोट घेतला. ग्लास जेर्व्हेकडे दिला, जेर्व्हेने पुढे, असा तो माझ्यापर्यंत आला. वाइन वाईट होती. नुसती वाईट असती तर बरं. तळाशी कुठेतरी अक्रोडाची आठवण होती, आणि वर ओलं फडकं. काय होऊ शकलं असतं ते त्या घोटात कळत होतं, म्हणून गिळवत नव्हतं.

काझिमीरने शेवटचा घोट घेतला आणि ग्लास पिंपावर ठेवला. पडदा धरला नव्हता.

आंसेल्म म्हणाला, "हिला कुणीतरी भरलंय."

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.

"ओर्तांसच्या पिंपाला कुणीतरी झारी लावलीये. कोण?" तो एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला. माझ्याकडे, जेर्व्हेकडे. मग माथिल्दकडे. तिचे ओठ हलायला लागले. तिच्या तोंडून आता काय बाहेर पडेल, कुणी सांगावं. ती बापासारखीच, ग्लास समोर असताना तिला खोटं जमलं नसतं.

"मी," काझिमीर म्हणाला.

पावाची चौकशी करावी इतक्या साध्या आवाजात.

"तू?"

"खाली आलो होतो गेल्या साली. कमी होत चालली होती. रोज थोडी थोडी. मला बघवेना."

आंसेल्म त्याच्याकडे वळला. म्हणाला, "अरे मूर्खा, कमी होऊ द्यायचं असतं. आपण नुसतं बघत बसायचं असतं. एवढंच तर करायचं असतं आपण." आणि त्या लोंबत्या कोटाच्या बाहीने त्याने डोळे पुसले. "जा इथून."

काझिमीर पायऱ्या चढून गेला. डोकं वरच्या दगडाला आपटलं. चाळीस वर्षांत त्याचं तिथे कधी आपटलं नव्हतं.

माथिल्द संध्याकाळच्या आत त्याच्याकडे पोचली. मी नंतर तिच्याकडूनच ऐकलं. ती म्हणाली, "काका, मी गावात सांगते खरं काय ते."

"गावात सांगितलं की जेर्व्हेला कळलं, आणि जेर्व्हेला कळलं की दुपारच्या आत तुझ्या बापाला कळलं. मग तो कुणावर चिडेल? स्वतःवर. त्या वयात ते झेपत नाही." मग तिची समजूत घालत म्हणाला, "अगं, रडतेस काय? तो सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरतो. उद्या मी चीज घेऊन येतो, बघ, कसा भांडेल माझ्याशी."

त्याचा सगळा हिशोब या विसरण्यावर होता, आणि हिशोब चुकीचा नव्हता. कुणीही तोच केला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चीज आणि सुरी घेऊन बाकाशी आला. आंसेल्म बसला होता. माथिल्दला त्याने सकाळीच विचारलं होतं, आपण कोण म्हणून. त्याने काझिमीरकडे बघितलं आणि म्हणाला, "माझ्या बायकोचं पिंप तू भरलंस."

तिसऱ्या दिवशीही तेच. त्या आठवड्यात तेच, त्या महिन्यात तेच. त्याला गावाचं नाव आठवेना, ओर्तांस गेली आहे हे आठवेना, कधी कधी काटा कुठल्या हातात धरायचा ते आठवेना. ही एक गोष्ट मात्र खिळ्यासारखी बसली. काझिमीर दिसला की तोंड फिरवायचा. मग काझिमीर बाकावर बसायचं सोडून समोर गावच्या धुणीघराच्या कट्ट्यावर बसायला लागला. तिथून बाक दिसतो. चीज स्वतःच कापायचा, सालीसकट खायचा.

आणि हाका थांबल्या. कुणी वाईट वागलं नाही. आमच्याकडे वाईट वागत नाहीत, नुसते बोलवत नाहीत. ज्याने पिवळीचा पडदा बुडवला त्याला तळघरात कसं न्यायचं? जेर्व्हे कॅफेत ग्लासावर हात ठेवून म्हणायचा, "काझिमीर, जरा लांब बस रे. माझा निम्मा आहे, तुला बघवणार नाही." सगळे हसायचे. काझिमीर सगळ्यांत जास्त हसायचा आणि घरी जायचा. त्याचे हिवाळे आता त्याच्याच स्वयंपाकघरात जायला लागले. मीही बोलावलं नाही त्याला. मला तरी कुठे माहीत होतं?

माथिल्दने ती वाइन बाटल्यांत भरली. पिवळीसाठी आमच्याकडे बुटकी, रुंद खांद्यांची बाटली असते. तिच्यात जायचा हक्क या वाइनला नव्हता. साध्या बाटल्यांत भरून तिने कोपऱ्यात ठेवून दिल्या.

दोन थंड्या गेल्या. मग आंसेल्मला कुणीच ओळखू येईना, अगदी कुणीच. एके दुपारी माथिल्दने धुणीघराकडे हात करून काझिमीरला बोलावलं. तो भीतभीत बाकाशी आला. आंसेल्मने मान वर करून बघितलं आणि सभ्यपणे विचारलं, "आपण कोण?"

काझिमीर म्हणाला, "इथलाच. जरा बसू का?"

"बसा की. बाक काय माझ्या बापाचा आहे?" मग थोडं थांबून, "म्हणजे आहे माझ्या बापाचा. पण बसा."

काझिमीर बसला. चीज काढलं. आंसेल्म म्हणाला, "इकडे द्या, मी कापतो. माझा एक मित्र होता, तो कापायचा तेव्हा माझ्या वाट्याला नेहमी साल यायची."

"कोण मित्र?"

"काझिमीर म्हणून होता. माझ्या बायकोची वाइन बिघडवली त्याने. पिंप भरलं."

"हरामखोरच म्हणायचा."

"अहो, तोंड सांभाळा," आंसेल्म रागावून म्हणाला. "त्याने दयेने भरलं. त्याला बघवलं नाही. मला तरी कुठे बघवत होतं." मग चीज कापता कापता, "एकटा असतो तो. त्याच्याकडे कुणी जातं का, काही कळत नाही."

"जातात," काझिमीर म्हणाला. "मी जातो ना."

त्या वसंतात रोज दुपारी हा कुणी परका माणूस बाकावर बसून स्वतःबद्दल ऐकत होता. माथिल्द खिडकीतून बघायची. अक्रोडांना पालवी फुटली तेव्हा आंसेल्म गेला.

आता तरी सांगू द्या, असं तिने विनवलं. काझिमीर म्हणाला, "आता कोणत्या तोंडाने सांगतेस? तो सुटला तिथून. आता पुन्हा त्याच्या हातात झारी द्यायची?" आणि वर हसून, "मला सवय झालीये. आणि खरं सांगू, जेर्व्हेची वाइन प्यावी लागत नाही, हा फायदा काय कमी आहे?"

गेल्या शरदात, तोडणी आटोपल्यावर, काझिमीर झोपेतच गेला. दफनाला आम्ही मोजके होतो. थंडी होती आणि प्रत्येकाला कामं होती. न आलेल्यांना नेहमी कामंच असतात. कबरस्तानाच्या फाटकाशी माथिल्द आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "सगळे आमच्याकडे खाली चला."

तळघरात कोंबडीचं ते पिंप रिकामं होऊन उभंच होतं. तिने कोपऱ्यातली एक बाटली काढली, आमच्या हातात ग्लास दिले, आणि ओतण्याआधी सगळं सांगितलं. झारी, खुर्चीवर बसलेला बाप, "मला बघवेना". काझिमीरने कुणाचे शब्द उचलले ते.

आम्ही प्यालो. नियमाप्रमाणे शेवटच्या माणसाचं होईपर्यंत गप्प राहिलो. शेवटचा जेर्व्हे होता. त्याने घोट तोंडात फिरवला, थुंकला नाही, गिळला. त्याचा चेहरा बघण्यासारखा नव्हता.

"वाईट आहे," तो म्हणाला.

"हो," माथिल्द म्हणाली. "वाईटच आहे."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वाईट होतीच.

जेर्व्हेने ग्लास पुन्हा पुढे केला. "भर," म्हणाला. "काठोकाठ भर."